इंग्रजी आठ

शोरूममधला पोरगा मला थेट स्कूटरपाशी घेऊन गेला.
"मॅडम, पाय ठेवायला जागा, पिशवी अडकवायला हूक."
म्हटलं, पिशव्या खूप अडकवल्या रे,
ती कोपऱ्यातली दाखव. गिअरवाली.
त्यानं आधी माझ्या चपलांकडे पाहिलं,
मग उंचीकडे,
मग दाराकडे, मागून कुणी पुरुष येतोय का म्हणून.

किंमत ऐकली आणि मीच बाहेर आले.

शेवटी कुर्ल्याला, इलियासच्या गॅरेजात
नऊ वर्षांची एक. टाकीवर पोचा.
हा कसला?
"पडली होती एकदा," तो म्हणाला,
"न पडलेली घेऊ नका बाई,
तिचं पडायचं बाकी असतं."
बसून पाहिलं. डावा पाय पुरता टेकला,
उजव्याची बोटं तेवढी.
एकोणीस सांगितले, सतरा दिले,
भिशीचे, मोजून, ओल्या हातांनी.

पुढे लाल एल,
वॉर्डातल्या चिकटपट्टीनं लावलेला.

रात्रपाळी उतरले की कन्नमवार नगरात, मैदानाच्या कडेनं,
पहिला गिअर, दुसरा, बंद. पहिला, बंद.
चौथ्या दिवशी आडवी झाली, माझ्यासकट.
दोन वॉचमन धावले. म्हटलं, थांबा.
बावीस वर्षं माणसं उचलतेय मी,
नव्वद किलोची, बेशुद्ध, सलाइनसकट.
पाठ ताठ, गुडघ्यातून वाकायचं, भार मांडीवर,
आणि उचलताना बोलत राहायचं त्याच्याशी.
चल गं बाये, झालं, झालं, एवढंच,
म्हणत उभी केली.
एका वॉचमननं उगाच सीट पुसून दिली.

वडाळ्याला रांगेत सगळी अठरा-एकोणीसची पोरं,
हेल्मेट कोपरात अडकवलेली, डोक्यावर एकाच्याही नाही.
साहेब म्हणाले, "आठ काढा. पाय टेकायचा नाही."
आता आठ म्हटल्यावर
माझ्या हाताला तिसरीतल्या पेडणेकर बाईंचाच आठवला,
८,
वरून उतरतो, पोटात वळतो
आणि निघून जातो तो गेलाच.
मी तशीच वळले आणि सरळ गेटाकडे.
"ओ बाई, कुठं?"
दचकून पाय टेकला.
नापास. सात दिवसांनी या.

बसमध्ये विचार करत होते,
हात टेकले की माणूस हरला म्हणतात,
पायाचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.

ऑर्थोच्या खोलीत सांडलेलं प्लास्टर
पुडीत बांधून आणलं,
मैदानावर काढला त्यांचा आठ,
दोन भाकऱ्या एकमेकींना चिकटलेल्या.
सात पहाटा.
त्याच्यात मधोमध एक जागा येते,
तिथं आपलीच चाकोरी आपण ओलांडतो,
आणि नेमकी तिथंच गाडी हलकी होते.
का, ते इलियासलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या वेळी साहेबांनी मान वर केली नाही.
"पुढचा."
म्हणजे पास, हे मागच्या पोरानं सांगितलं.

हो, फॉर्मवर एक चौकोन होता,
अपघातात मेलात तर अवयव द्याल का.
पोरं तो न वाचता पुढं जात होती.
मी खूण केली.
कोण कोण वाट बघत बसलंय, मला नावानिशी ठाऊक आहे.

कार्ड पोस्टानं आलं. सुमित्रा भास्कर गोठणकर.
फोटोत डोळे अर्धे मिटलेले,
पाळी उतरतानाचा चेहरा.

पहिल्या दिवशी शीवहून निघाले सकाळी सातला.
स्टॉपवर आमच्या तिघीजणी उभ्या होत्या,
डबे घेऊन, बसच्या दिशेला माना करून.
हात करता आला नाही,
दोन्ही कामात होते.
हॉर्न म्हणून एक वस्तू असते
हे घाटकोपर गेल्यावर आठवलं.

आमच्या वळणावर सिग्नल लाल.
डावा पाय टेकला, पुरता.

इथं चालतो.