मोजमापाचा माणूस

स्टेशनचा सेक्शन काढताना
जिन्याशेजारी एक माणूस काढायचा असतो.
चेहरा नाही. डोकं म्हणजे वाटोळं,
पाय जरा फाकलेले.
छप्पर किती उंच, ते त्याच्यावरून कळतं.

मी ट्रेसर होते. बेलापूरच्या ऑफिसात,
पंख्याने कागद उडू नये म्हणून
कोपऱ्यांवर लाद्यांचे नमुने ठेवून.
जुईनगरला तेव्हा भराव आणि पाणथळ,
आणि माझ्या पेनाखाली एवढा मोठा हॉल
की वर्तकसाहेबसुद्धा म्हणाले,
बाई, एवढ्या जागेचं लोक करणार काय?

एका कंटाळलेल्या दुपारी
मी त्या माणसाच्या हातात पिशवी दिली.
पिशवीतून मेथी डोकावत होती.
साहेब ओरडले नाहीत.
ब्लेडने खरवडा, एवढंच म्हणाले.
खरवडली.
अमोनियाच्या प्रिंटवर तिथे पुसट डाग
उमटायचाच, दरवेळी.

आता माझाच जिना मी थांबत थांबत चढते.
पायरी दीडशे मिलिमीटर.
कागदावर ती कधी दुखली नव्हती.

हॉल अजून मोठाच आहे.
अर्ध्या गाळ्यांची शटरं उघडलीच नाहीत,
वरच्या कार्यालयांत कबुतरं पूर्णवेळ कामाला.
बंद काचेपुढे सहा पोरं नाच बसवतात
फोनवर गाणं बारीक लावून;
त्यातली एक चौथ्या ठोक्याला चुकते
आणि खांबाला धपाटा घालते.
सी-सतरा. त्याचं लोखंड मला अजून पाठ आहे.
पलीकडे एकजण कसलीशी परीक्षा पुटपुटतो.
घरी दिवा असेल, जागा नसेल.

सबवेच्या तोंडाशी चांगीबाय बसते,
शिरवण्याची, सुकट आणि बोंबील घेऊन.
मी तिला सांगितलं, नकाशात इथे
स्टेन्सिलने अक्षरं काढली होती मी:
मोकळी जागा.

ती हसली नाही. सुकटीवरची माशी उडवली.
"मोकली? कवा व्हती मोकली?
हितं आमचं आगर व्हतं, बाय.
माजे सासऱ्याचे पाय मिठानं फुटलेले."

माझ्याकडे ब्लेड नव्हतं.
असतं तरी काय खरवडणार होते.

पावशेर सुकट घेतली. तिने वर मूठभर घातली,
का, ते विचारलं नाही.
पिशवीत मेथी होतीच.
जिन्याशी दम घ्यायला थांबले,
पाय जरा फाकवून.
छप्पर वर होतं. बरंच वर.