सरासरी साठ

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान, पावणेदहा फूट रुंद.
वेदांग खवणेकर पोत्यात गुंडाळून सीपीयू घेऊन आला,
मागे त्याचा बाप, हातात टीव्ही,
टीव्हीला टॉवेल, टॉवेलला बांगड्यांचा वास.

"बाय, गेम थांबान थांबान चलता.
आणि मी आता दाबतंय, तो मागसून उडी मारता."

दोन दुखणी आहेत, मी म्हटलं.
अडखळणं वेगळं, उशीर वेगळा.
बोलताना अडणारा आणि उशिरा ऐकणारा,
दोघांचाही निरोप वेळेवर पोचत नाही,
पण वैद्य निराळे.

तो पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवतो: साठ.
"साठ फ्रेम येतत मगे!"
येतात रे. पण सरासरीवर माझा विश्वास नाही.
मिनिटाला किती लाटा आल्या याने होडी उलटत नाही,
दोन लाटांमधलं अंतर फसलं की उलटते.
आलेख उघडला.
सोळा, सोळा, सतरा, सोळा, एकशे चाळीस.
मिलिसेकंद.
तिथेच तुझा माणूस मरतो.

आधी फुकटच्या गोष्टी.
मागच्या मागे चाललेलं अपडेट थांबवलं,
ड्रायव्हर पुसून पुन्हा घातला.
वीज वाचवायचा पर्याय कोणीतरी लावून ठेवलेला.
("मीच," बाप म्हणाला, "बिल येता.")
आलेख सपाट झाला,
आणि वीस मिनिटांनी पुन्हा करवतीचे दात.
वीस मिनिटांनी म्हणजे ताप.

झाकण काढलं.
पंख्याच्या पात्यांवर खार, नखाने खरवडावा असा,
फटींत केस, माशीचा पंख,
आणि कशी कोण जाणे, एक सुकी करंदी.
खिडकीत ठेवतोस?
"वारो लागता थंय."
लागतो. समुद्राचा.
चिपवरची पेस्ट तडकलेली
ओहोटीनंतर उन्हात राहिलेल्या चिखलासारखी.
ब्रश, स्पिरिट, तांदळाएवढा नवा थेंब.
शेजारी कॉम्प्रेसर सुरू झाला, ट्यूब मंदावली,
यूपीएस टक् म्हणाला.
आम्ही तिघेही हात वर धरून थांबलो. मग पुढे.

आता उशीर.
माऊस बदलला, वायर बदलली, काही नाही.
मग मी टीव्हीकडे बघितलं.
टीव्ही बिचारा सज्जन,
आलेलं प्रत्येक चित्र आधी पुसतो,
त्वचा गोरी करतो, आकाश निळं करतो,
दोन चित्रांमध्ये तिसरं आपल्या मनाने रंगवतो,
आणि मगच दाखवतो.
तोवर गोळी लागून गेलेली असते.
मेनूच्या पोटात चार पायऱ्या खाली
गेम मोड सापडला, बंद.
चालू केला. चित्र जरा ओबडधोबड झालं.
पण दाबलं की उडी.

बाप इतका वेळ स्टुलावर गप्प होता.
"माझी जुनी होडी अशीच," तो म्हणाला.
"सुकाण आज फिरवा, नाक उद्या फिरता.
आधीच फिरवूक व्हया, लाट दिसाच्या आधी."

वेदांग खेळायला बसला.
पहिल्या फेरीत मेला. दुसऱ्या फेरीत मेला.
तिसऱ्यांदा माझ्याकडे असा बघायला लागला
जसं मी त्याचं काही काढून घेतलंय.
"बाय, आता माझेच नेम चुकतत."

चुकणारच.
दोन वर्षं तू शत्रू दिसायच्या आधी दाबत होतास,
दारातून तो निघेल इतक्यात, अंदाजाने.
तो अंदाज अजून बोटात आहे.
यंत्र दुपारभरात सुधारलं, बोटाला वेळ लागेल.

बाप हसला, पहिल्यांदाच.
"नवा इंजिन बसवलंय तेव्हा
आठ दिस मी जेटीक आपटत होतंय."

दोनशे रुपये आणि चार बांगडे घेतले.
सीपीयू खिडकीत ठेवू नको, सांगितलं.
ठेवेलच.

रात्री दुकान आवरताना
खाडीच्या तोंडाशी एक दिवा दिसला,
आणि बऱ्याच वेळाने त्याची फटफट.
मी उगाच मोजलं: चार सेकंद.
शटर ओढलं.
ते नेहमीसारखं अर्ध्यावर अडकलं.