एक कान नळाकडे

अठरा हजारांना घेतला कंट्रोलर.
नऊ रोख, नऊ तीन पगारांत.
कोंड्यालांचा रघुपती विकत होता.
त्याच्या मालकाची भिंत मिरवणुकीतून
पोलिसांनी उचलून नेली, ट्रकसकट,
आणि रघुपतीच्या उजव्या कानात तेव्हापासून
एक रातकिडा बसलाय, दिवसासुद्धा.
जुन्या चादरीत गुंडाळून दिला त्यानं. म्हणाला,
"अंबादासअण्णा, डाव्या चाकाला हळू हात लावा,
ते रुसतं."

आता अशोक चौकात जो भेटेल तो विचारतो,
"काय बे, सुपारी किती घेतोस?"
घेत नाही म्हटलं की असं बघतात
जसा मी माग विकत आणलाय
आणि कापड काढणार नाही म्हणतोय.
"मग आणलास कशाला?"

सुगुणा काही विचारत नाही.
सुपात तेंदूची पानं, मांडीवर कात्री,
अठराला हजार विड्यांच्या मजुरीनं भागायला घेते
आणि मधेच सोडून देते गणित.
ते सोडून देणं मला ऐकू येतं.

मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. बावीस वर्षं.
शेजारशेजारचे दोन माग
कधीच एका ठेक्यात नसतात.
पण दुपारी, चहाच्या जरा आधी,
सहा नंबर आणि सात नंबर
सरकत सरकत जवळ येतात,
आठ-दहा ठोके अगदी एक होतात,
जसा एकच माग, दुप्पट रुंदीचा,
आणि परत सुटतात.
बाकीच्यांना तो नुसता खडखडाट.
मी पाना हातात धरून उभा राहायचो.
मुकादम म्हणायचा, काय बिघडलं?
काही नाही. काहीच बिघडलं नव्हतं, तेच तर.

एकदा वाजवलं बाहेर. खोटं कशाला बोलू.
होटगी रोडला, गच्चीवरच्या हॉटेलात,
कुणाच्या तरी साखरपुड्याला, बदली म्हणून.
मी दोन गाणी जुळवत आणली होती,
केसाएवढं अंतर उरलं होतं,
तेवढ्यात नवऱ्याच्या मामानं
पाचशेची नोट फिरत्या चाकावरच ठेवली.
"मघाचंच लाव की रे!"
मघाचंच लावलं. सहा वेळा.
नाचले सगळे, मनापासून नाचले, त्यांचं काही चुकलं नाही.
रात्री दोनला गाडीवर घरी येताना
कानात फक्त शिट्टी, आणि खिशात ती नोट.
शेंगाचटणी, कडक भाकरी, पोरीच्या वह्या,
चांगली खर्च झाली.
पुन्हा गेलो नाही.

आता रात्री, पोरं झोपली की,
शिलाई मशीनच्या टेबलावर उघडतो तो.
स्पीकर नाहीत. घ्यायचेही नाहीत.
एका बाजूला वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेलं
तेलुगू भजन, मधेच त्यांचा खोकलाही आलाय त्यात,
दुसऱ्या बाजूला कुण्या परदेशी पोराचा कोरडा ठोका.
टेम्पोची पट्टी नखानं खाली.
अजून जरा.
रुसकं चाक समजुतीनं घेतो.
खोकला बरोबर ठोक्यावर पडला
त्या रात्री मी एकटाच हसलो,
आणि सुगुणानं कूस बदलली.

हेडफोन एकाच कानाला लावायचा असतो.
दुसरा मोकळा, समोरच्या गर्दीसाठी.
माझ्यासमोर गर्दी नाही,
म्हणून तो कान मी नळाला दिलाय.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या,
आणि येतं ते असं आडवेळी, न सांगता.
आधी पाइपात हवा फुसफुसते,
मग दोन उचक्या,
मग धार.
हवा फुसफुसली की मी दोन्ही डेक थांबवतो
आणि गल्लीत उतरतो, बनियनवर,
बोगम, गुंडेटी, वरच्या मजल्यावरचे शेख,
एकेक दार ठोकत, ठोक्यात.

दिवे लागतात. घागरी, बादल्या, ड्रम.
कोपऱ्यावरची म्हातारी डोळे चोळत विचारते,
"डीजे, जोर आहे का आज पाण्याला?"

आहे, म्हणतो. या लवकर.