काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे

कॅसेट सापडली टीव्हीच्या कपाटात, गॅरंटी कार्डांच्या खाली.
वर बाबांच्या अक्षरात: हर्षा, डिस्को, ८४, शाहूपुरी.
हर्षा म्हणजे आमची हौसाआत्या.
ऑर्केस्ट्रावाले तिला मिस हर्षा म्हणायचे.
चमकीचा ड्रेस भाड्याचा, सँडल स्वतःचे.

मी दिवसा उद्यमनगरात लेथवर असतो,
रात्री हळदी, वाढदिवस, साखरपुडे.
एक गाणं संपायच्या आत दुसरं
त्याच्या मांडीला मांडी लावून बसवायचं, एवढाच धंदा.
ठेक्यावर ठेका. सुराच्या शेजारी सूर.
बारा घरांचं चक्र असतंय भावा, घड्याळासारखं.
शेजारच्या घरात गेलास तर सोयरीक जमती,
समोरच्या घरात गेलास तर मांडवातच भांडण.

आत्याला एका रिमिक्समधे घ्यायचं ठरवलं,
गाणं लॅपटॉपला दिलं.
टेम्पो म्हणाला ११४.
पुन्हा मोजला: ११७.
शेवटच्या कडव्यात १२१.
सूर विचारला तर आधी काळी चार,
शेवटी पांढरी सहा,
आणि मधले तीन मिनिटं
दोन पट्ट्यांच्या फटीत, जिथं पेटीवर बोटच मावत नाही.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं हे.
"त्या रात्री हौसा चढली."
चढली म्हणजे सूर सोडून वर गेली.
कॅसेट साक्षीला. ती गडहिंग्लजला वाजली, इचलकरंजीला वाजली,
एकदा बघायला आलेल्या पाहुण्यांपुढंही वाजली,
आणि लोक हसले, चांगल्या मनानंच हसले.
त्यानंतर भांडी घासतानासुद्धा
आत्या गुणगुणल्याचं कुणाला आठवत नाही.

दिलावर शिकलगार पेट्या दुरुस्त करतात.
पितळी स्वराला कानस लावायची, एकदाच,
मग फुंकून कान द्यायचा.
मी हेडफोन दिला, त्यांनी एकाच कानाला धरला,
दुसऱ्या कानानं रस्त्यावरचा वडाप ऐकत.
पहिलं कडवं. दुसरं. शेवटच्या टाळ्या.
"परत लाव. टाळ्या लाव फक्त."
लावल्या.
"टाळ्यापण चढल्यात की रं.
टाळ्या कधी बेसूर होतात काय?
ड्रम चढलाय, बास चढलाय, मागं खोकणारा म्हातारा चढलाय.
बाई जागेवर हाय.
सेल उतरत होते पोरा.
टेप दमत दमत फिरली,
म्हणून वाजवताना पळत सुटती."

कानस पुन्हा हातात घेतली त्यांनी.
पैसे घेतले नाहीत.

मग रात्रभर बसलो.
सूर धरून ठेवायचं बटण बंद केलं,
टेम्पो खाली आला की सूरही खाली येऊ दे म्हटलं.
पहिल्या मात्रेला हात लावला नाही,
पुढं केसाएवढं, मग सुतभर,
लेथवर शेवटचा कट घेतात तसं
शेवटच्या टाळीपर्यंत उतरवत आलो.
पावणेपाचला गाणं सरळ झालं.
११४ ला सुरू, ११४ ला बंद,
आणि त्यात आत्या
काळी चारवर, खुंटीला टांगल्यासारखी,
एका जागीसुद्धा हललेली नाही.

कळंब्याच्या हळदीत लावीन पुढं कधीतरी,
खाली नवा ठेका घालून. ते नंतर.
आधी स्वयंपाकघरात लावलं, मोबाईलवर, छोट्या आवाजात.
ती उभी होती, तव्यावर भाकरी.
भाकरी फुगली, करपली, तिनं उलटली नाही.
गाणं संपल्यावर गॅस बारीक केला
आणि पदराला हात पुसत विचारलं,

"त्या दिवशी सेल कुणी घातलेले?"

बाबा जेवत होते.
अदल्या दिवशी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकलेली त्यांनी, दिवसभर, त्याच सेलांवर.
हे त्यांनी सांगितलं नाही. मला पुढं कळलं.
ते नुसती भाकरी मोडत राहिले,
चार तुकडे,
आठ,
सोळा.