जास्तीचं पान

रविवारी साडेनऊला घर रिकामं होतं.
रादेक गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो,
तिमोनचा एक हातमोजा सापडत नाही, कधीच सापडत नाही,
आणि सासूबाई पुढच्या सीटवर ताठ बसून
समोरच्या काचेला विचारतात,
"ती नाहीच का येत चर्चला?"

नाही येत. तिसरं वर्ष.

काय बिनसलं, असं सुवाऊकीत कुणी विचारत नाही.
पावाच्या दुकानात तुमच्याकडे बघत
सुटे पैसे जरा सावकाश मोजतात.
काही बिनसलं नाही.
पाद्री भला माणूस आहे, गुडघे दुखतात त्याचे.
कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही.
एका रविवारी कोट घालून मी दारात उभी होते
आणि ओट्यावर, फडक्याखाली, पावाची कणीक फुगत होती.
म्हटलं, हिला एकटी कशी सोडू?
एवढंच. देव जाणे का.
(हे वाक्य अजून तोंडात आहे. राहू दे.)

मग मी काय करते?
शेगडीतली राख काढते. तिच्यात एखादा निखारा
नेहमी लपून बसलेला असतो, तो परत आत ठेवते.
मोजे रफू करते. बटाटे सोलते.
आणि यातच कुठेतरी,
कधी चार मिनिटं, कधी तेवढीही नाही,
असं होतं की सुरी हातात, साल अर्धी लोंबती,
आणि मी कुणाची आई नसते, कुणाची सून नसते,
पण एकटीही नसते.

याला नाव देत नाही.
नाव दिलं की पत्ता विचारतील,
पत्ता दिला की तिथे दानपेटी ठेवतील.
एकदाच रादेकला सांगायला गेले.
तो डेअरीतली रात्रपाळी करून आलेला, बूट काढत म्हणाला,
"मला ते गाडी चालवताना होतं,
आवगुस्तुफच्या जंगलात.
मी समजत होतो झोप येतेय."

कालिनाला मे महिन्यात पहिली कबुली द्यायची आहे.
आतापासून वही घेऊन बसते.
"आई, तीनच पापं झाली. चार तरी हवीत."
"भावाचा हातमोजा लपवतेस, ते लिही."
"ते पाप नाही, ती गंमत."
पेन्सिल चावत राहिली. मग, "तू तुझी कुणाला सांगतेस?"
बटाट्यांना, म्हणणार होते.
म्हटलं, "ज्याच्याशी वाईट वागले, त्याला."
"बापरे," ती म्हणाली, "ते तर जास्त अवघड."
त्या रात्री हातमोजा सापडला.

नाताळची आदली संध्याकाळ.
टेबलावरच्या कापडाखाली गवत, वर बीटाचं सार, हेरिंग,
आणि पहिला तारा दिसेपर्यंत
तिमोन खिडकीला नाक लावून.
माणसं पाच, पानं सहा.
सहावं पान इथे घरोघरी मांडतात,
न बोलावलेल्यासाठी, वाट चुकलेल्यासाठी.
आमच्या सगळ्या चालीरीतींत एवढी एक
मला समजावून सांगावी लागली नाही.

सासूबाईंनी नाताळचा पांढरा पापुद्रा माझ्यापुढे धरला.
तुकडा मोडताना काहीतरी चांगलं चिंतायचं असतं.
दोन वर्षं नुसतंच "तब्येत सांभाळ".
यंदा थांबल्या.
"तुझं जे काही आहे," म्हणाल्या, "ते तुला लाभो."
आणि लगेच, साराला मीठ कमी आहे.

कुणी आलं नाही.
मागल्या वर्षीही नव्हतं आलं.
भांडी आवरताना तिमोन विचारतो,
"याच्यात कुणी जेवलंच नाही. हे पण घासायचं?"

मी ते घासलं. गरम पाण्याखाली, दोन्ही बाजूंनी,
जेवलेल्या ताटासारखं.
शेजारी सासूबाई फडकं घेऊन उभ्या होत्या.
पुसत राहिल्या,
कोरडं झाल्यावरही थोडा वेळ.