काटा थांबेपर्यंत

दांडिया बाजारात खानविलकरांचं दुकान:
तराजू, वजनं, सोनारांचे काटे, दुरुस्ती.
मी पायरीवर बसते, लॅपटॉप मांडीवर,
कारण आत टेबलावर
एक काटा पोट उघडून पडलाय
आणि त्याला हलवायचं नाही.

"साइट उघडत नाही," काका म्हणतात,
जसं कुणी म्हणावं, दार फुगलंय.

दार फुगलेलं नाही. दारं दोन आहेत.
एक थोरल्या भावाने घेतलेलं, नावात बरोडा.
दुसरं पुतण्याने, नावात वडोदरा.
पुतण्याने जुन्या दारावर पाटी लावली: तिकडे जा.
मग कुणीतरी (कोणी, ते कुणी सांगत नाही)
नव्यावर लावली: तिकडे जा.
ब्राउझर बिचारा वीसेक खेपा घालून
शेवटी उंबऱ्यातच बसला.

"आम्ही तर बडोदंच म्हणतो."
ते तिसरं नाव. मी तपासलं,
अजून कुणी घेतलेलं नाही.
काकांना सांगितलं नाही.

नव्यावरची पाटी काढायला दोन मिनिटं लागली.
पण जुनं नाव रविवारी संपतंय,
आणि त्याचा ओटीपी जातो
भरूचला, थोरल्यांच्या फोनवर,
जिथे वाटणी झाल्यापासून
इकडून कुणी फोन केलेला नाही.

नंबर पाठ होता.
"दादा, सहा आकडे येतील."
मग काका नुसते ऐकत राहिले.
स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते,
नव्वद, चाळीस, सात. संपले.
मी पुन्हा मागवला. तोही संपला.
तिसऱ्यांदा आकडे आले, एकेक,
"चार. शून्य. शून्य."
मध्ये खोकला, आणि कुणाला तरी "चष्मा दे गं."
"नऊ. सात. एक आहे का सात आहे... एक."

माझ्या फोनवर साइट उघडली.
काकांच्या नाही.
त्यांच्या फोनला कधीतरी सांगितलं होतं,
'कायमचं हलवलंय',
आणि तो काढलेली पाटी अजून वाचत होता.
"पुसू?" मी विचारलं.
"काय पुसणार?"
"फोनला जेवढं पाठ झालंय तेवढंच."
ते काही बोलले नाहीत. फोन दिला.

"बाकीच्यांना कधी दिसेल?"
"काहींना आत्ता. काहींना उद्या, परवा."
मला वाटलं, आता चिडतील.
सगळेच चिडतात इथे.
त्यांनी पारड्यात पाच ग्रॅम ठेवले,
काटा डावीकडे गेला, उजवीकडे,
मी तोंड उघडलं तर तळहात वर केला:
थांबेपर्यंत बोलायचं नाही.

टेबलावर त्यांचा दुसरा फोन उताणा पडला होता.
भरूच अजून लाइनवर होतं.
तिकडेही कुणी बोलत नव्हतं.