सुकती

सभागृहात पंखा होता, नकाशा होता,
नकाशावर दोन हिरवे ठिपके,
आणि 'परस्पर सहकार्य' हा शब्द
साहेबांनी सात वेळा उच्चारला.
मी मोजत होतो, कारण दुभाष्या मीच.
तिची फ्रेंच कुणीतरी इंग्रजीत करायचं,
इंग्रजी मी मराठीत,
आणि माझं मराठी शेवंती तांडेल
मागच्या बाकांसाठी मालवणीत.
इतक्या हातांतून जाताना
वाक्यातलं मांस गळायचं, शिंपला पोचायचा.

जेवणाआधी याँदे उठली. म्हणाली, खाडी दाखवा.

देवबागच्या चिखलात ती गुडघाभर उतरली,
कांदळाचं मूळ चाचपलं,
मोठी कालवं सुरीने उचकटली,
नखाएवढी तशीच ठेवली मुळावर.
शेवंतीने पाहिलं. आपली बोटं पुढे केली.
याँदेनेही केली.
आडव्या चिरा, जुन्या, पांढऱ्या,
मीठ मुरलेल्या.
मला कुणी काही विचारलं नाही.

जाताना शेवंतीने तिला
कालवं फोडायची आपली कोयती दिली.
विमानतळावर काढून घेतली म्हणे.
करार मात्र पोचला, शिक्क्यासकट.

काल अवस. संध्याकाळचे पाच.
कर्लीचं पाणी पार खाली.
टोपली टेकवून शेवंती म्हणाली,
"थंय आता किती वाजले?"
सकाळचे साडेअकरा, मी म्हटलं,
तिकडे सुकती व्हायची आहे अजून.
ती थोडा वेळ खाडीच्या तोंडाकडे बघत राहिली.
"मगे आमचाच पाणी जाता तिच्याकडे,"
आणि परत चिखलात उतरली.